आजीला रझाकारीचं कसं विचारायचं

"आजी, मला मुक्तिसंग्रामाबद्दल सांग" असं कधीच म्हणू नका. मी म्हणाले होते. 2022 साल, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष नुकतंच लागलेलं, कॉलेजात प्रत्येकाला घरातल्या म्हाताऱ्या माणसाची मुलाखत आणायला सांगितलेली. मी मोबाईल आजीच्या तोंडापुढं धरला. तिनं पदर डोक्यावरून घेतला, आधारच्या फोटोला बसली होती तशी ताठ बसली आणि म्हणाली, "निजामाचं राज्य व्हतं. लई अन्याय व्हता. मग पटेलांनी मिलिटरी पाठवली आन आपण सोतंत्र झालाव." एक मिनिट बारा सेकंद. झालं.

हे बोलणं तिचं नव्हतंच. दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या ग्राउंडावर जे भाषण होतं, ते आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येतं. ते तिला पाठ झालंय.

दुसऱ्यांदा मी काही ठरवून विचारलं नव्हतं. दुपारी ती शेंगा फोडत बसली होती, मी तिच्या भाकरीतला तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाले, "आजी, मीठ जास्त झालंय." ती म्हणाली, "जास्त झालंय म्हून बोललालीस. आमाला रझाकारीत मीठ दिसत नव्हतं." रझाकारी म्हणजे रझाकारांच्या, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, दहशतीचा काळ. तिथून पुढं चाळीस मिनिटं. मोबाईल आत चार्जिंगला होता, हा भाग वेगळा.

म्हणून हे लिहितेय. माझ्या आजीच्या वयाच्या, म्हणजे 1948 साली आठ-दहा वर्षांच्या असलेल्या बायका-माणसं आता गावात बोटावर मोजण्याइतकी उरलीत. तुमच्या घरी एखादी असेल तर पुढच्या सुट्टीत बसा तिच्याजवळ.

जायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा

फार वाचून जाऊ नका, नाहीतर तुम्हीच तिला सांगत बसाल. पण काही तारखा पक्क्या असाव्यात. 15 ऑगस्ट 1947 ला आपण मराठवाड्यातले स्वतंत्र झालो नव्हतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. 29 नोव्हेंबर 1947 ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. पण गावात काही जैसे थे राहिलं नाही. लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत गेला. इकडून संस्थान भारतात यावं म्हणून लढणारी स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस, लढणाऱ्यांचे सीमेपलीकडचे कॅम्प, निजामाचा दारूवरचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं तोडण्याचा सत्याग्रह. 30 जानेवारी 1948 ला नांदेडकडच्या उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला. गांधीजी गेले तोच हा दिवस. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा आत शिरल्या, तीच पोलिस अ‍ॅक्शन, आणि 17 ला निजामानं शरणागती जाहीर केली.

आता हे सगळं विसरल्यासारखं करा.

तिचे शब्द मात्र ओळखीचे असू द्या. आजी हैदराबाद संस्थान म्हणत नाही, 'मोगलाई' म्हणते. भारत म्हणत नाही, 'युनियन' म्हणते. पोलिस अ‍ॅक्शनला 'अ‍ॅक्शन' म्हणणारेही भेटतील, पण ती 'मिलिटरी आली तवा' म्हणते. पैसे दोन तऱ्हेचे: निजामाचा हाली, इंग्रजाचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. सरहद्दीवर जकात घ्यायचा तो करोडगिरीचा नाका. हे शब्द तिनं वापरले की "म्हणजे काय?" म्हणून मध्ये तोडू नका, वहीत टिपा, मागाहून विचारा. मी पहिल्यांदा 'करोडगिरी' ऐकून म्हणाले, "करोडपती?" तिला इतकं हसू आलं की ती मूळ गोष्टच विसरली.

कधी आणि कसं बसायचं

दुपारी, जेवणानंतर, हाताला काम असताना. शेंगा, वाती, तुरीची डाळ निवडणं, काहीही. हात चालू असले की डोळे खाली असतात, आणि डोळे खाली असले की म्हातारी माणसं खरं बोलतात, असा माझा अनुभव. संध्याकाळी मालिका असते, तेव्हा नाव काढू नका.

मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. फरशीवर ठेवला तर शेंगांच्या टरफलांचा आवाज ढगफुटीसारखा येतो. फॅन बंद करा. पत्र्याचं घर असेल तर पाऊस लागलेल्या दिवशी काही उपयोग नाही. आणि रेकॉर्ड करतेय हे सांगा. चोरून करू नका. सांगितल्यावर पहिली पाच मिनिटं ती भाषण करील, करू द्या, मग विसरते.

घरातल्या पुरुषमाणसांना त्या वेळेपुरतं शेतात किंवा औशाला पाठवता आलं तर बघा. माझे काका प्रेमळ आहेत, पण आजी तोंड उघडते न उघडते तोच "अगं तसं नाही, रझाकार म्हणजे..." म्हणून सुरू होतात. काकांचा जन्म 1961 चा.

काय विचारायचं

'काय झालं?' हा प्रश्न मोठा आहे, त्यात लेकरू बुडतं. ती तेव्हा लेकरू होती. तिला राज्य दिसत नव्हतं, तिला चूल दिसत होती. तेव्हा तिच्या उंचीवरून विचारा. झोपायचात कुठं? पायात काय होतं? घरात दिवा किती वेळ चालायचा? कोणतं भांडं पुरून ठेवलं होतं? रात्री कुत्रं भुंकलं की आधी कोण उठायचं?

माझ्या आजीचं माहेर नळदुर्गाजवळ. सरहद्द हाकेवर, पलीकडं सोलापूर जिल्हा. मिठाचा विषय तिथून निघाला. तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणते, सोलापूरला आत्याकडं जाऊन मीठ आणायचे. येताना नाक्यावर झडती. पुडी सापडली की मीठही गेलं आणि वर चार फटके. मग आत्यानं शक्कल काढली. दादांचं मुंडासं खाऱ्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं नाही, तसंच उन्हात वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. ते कडक झालेलं मुंडासं डोक्याला गुंडाळून दादा नाका ओलांडायचे. घरी आले की माय पातेलं घेऊन दारातच उभी. मुंडासं पाण्यात खळबळायचं आणि त्या पाण्यात पिठलं.

"चव कशी लागायची?" मी विचारलं.

"खारट." मग जरा थांबून, "दादाच्या घामाचं खारट का मिठाचं, कुनाला ठावं."

मला हे खरं वाटेना. म्हणून मी करून पाहिलं: जुना पंचा, बादलीत अर्धा किलो मीठ, गच्चीवर दोन दिवस. पंचा पापडासारखा झाला, घडी घालताना कडकड वाजला. धुतलेल्या पाण्यात मी पिठलं नाही केलं, पण जिभेला लावून पाहिलं. चार माणसांच्या पिठल्याला पुरलं असतं. तुम्हीही असं करून बघा. अविश्वास दाखवायला म्हणून नव्हे, पुढचा प्रश्न सुचतो म्हणून. पंचा वाजला तेव्हा मला सुचलं: नाक्यावर ते मुंडासं वाजायचं नाही का? आजी म्हणाली, "वाजायचं की. म्हून तर दादा नाक्यापाशी खोकत जायचा."

कुठल्या पुस्तकात शोधाल हे.

तारखा कशा लावायच्या

आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी आहे. आमच्या गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच असतो. तेव्हा वय विचारून काही हाती लागत नाही. खुंट्या शोधाव्या लागतात: परकर होता की लुगडं? गांधीबाबा गेले त्याच्या आधी का मागून? शेतात काय उभं होतं? सण कोणता?

सणाची खुंटी सगळ्यात भक्कम. आजी म्हणाली, "महालक्ष्म्या उठल्या, फुलोरा अजून उतरंडीत व्हता, आन इमान आलं." मी 1948 चं पंचांग काढून पाहिलं. 13 सप्टेंबर, सोमवार, भाद्रपद शुद्ध दशमी. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, त्याच्या जरा आधीच उठलेल्या. अगदी बरोबर! सोलापूरकडून निघालेल्या फौजेनं नळदुर्ग पहिल्याच दिवशी घेतलं. फुलोऱ्यातल्या करंज्या उरल्या होत्या त्या माळ्यावर चढून विमान बघता बघता तिनं खाल्ल्या. खाली माय ओरडत होती.

पण पंचांग तुम्हाला फसवूही शकतं, ते माझं ऐका. मी एका आठवड्याचं काम वाया घालवलंय.

आजी एकदा म्हणाली, "गनपती बुडवले त्या रात्री सगळं गाव रानात झोपलं. कुनी घरात जाईना. लेकरं रडलालती, भाकर नाही का पाणी नाही." मी पंचांगात बघितलं आणि उडालेच. 17 सप्टेंबर 1948 म्हणजे अनंत चतुर्दशी! निजाम शरण आला तोच दिवस. मी कॉलेजच्या कामात हे पहिल्या पानावर घेतलं: राजधानीत शरणागती, आणि आमचं गाव मात्र भीतीनं रानात. काय जमून आलं होतं म्हणून सांगू. मैत्रिणींना वाचून दाखवलं, त्यांच्या अंगावर काटा आला.

मग एका रात्री लक्षात आलं की नळदुर्ग तर 13 लाच पडलं होतं. 17 पर्यंत त्या भागात चार दिवस युनियनची फौज होती. मग रझाकाराच्या भीतीनं गाव रानात कशाला झोपेल? सकाळी आजीला विचारलं, "त्या रात्री तुझ्या कडेवर कोण होतं?" ती म्हणाली, "तुझी मोठी ताई. दीड वर्साची व्हती."

माझी मोठी ताई 1992 ची. ती रात्र किल्लारीच्या भूकंपाची. 1993 ला 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून येऊन झोपले आणि 30 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आजीचं सासर, म्हणजे आमचं गाव, औसा तालुक्यात, किल्लारीपासून लांब नाही. तिच्या डोक्यात रानात झोपण्याच्या दोन्ही रात्री एकाच गोधडीत गुंडाळलेल्या आहेत. भाद्रपद, गणपती, अंधार, ओली जमीन, कडेवर लेकरू. फक्त रझाकारीत कडेवर तिचा धाकटा भाऊ होता आणि भूकंपात माझी ताई.

तेव्हा रात्र कुठलीही असो, विचारा: कडेवर कोण होतं? तुझं लगीन झालं होतं का? मी काम दुसऱ्यांदा लिहिलं. आजीला मात्र "तू चुकलीस" असं म्हणाले नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. एकदा चुकीची धरली गेली की म्हातारी माणसं पुढं प्रत्येक वाक्याला "मला काय ठावं" जोडतात.

रझाकारीतलं झोपणं वेगळं होतं, हे मग नीट कळलं. तेव्हा श्रावणापासूनच दिवस मावळायच्या आत भाकरी करून चूल विझवायची, कारण धूर आणि उजेड लांबून दिसतो. मग बायका-लेकरं उभ्या ज्वारीत. ज्वारीची पानं अंगाला कापतात, ते खाजायचं, पण खाजवायचं नाही, आवाज होतो. आजी हे सांगताना नकळत हात खाजवत होती. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज आहे.

कागद सापडले तर

ट्रंकेत, देवळीत, जुन्या गाठोड्यात उर्दू कागद निघाला तर हुरळून जाऊ नका. आमच्याकडं निघाला. मोठा शिक्का, खाली वळणदार सही. भूकंपात जुना वाडा पडला तरी ट्रंक वाचली होती, त्यातला. काका म्हणाले, पणजोबांच्या अटकेचं वॉरंट असणार. आठवडाभर घरात पणजोबा स्वातंत्र्यसैनिक होते. तालुक्याच्या गावी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत, त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, अर्ध्या मिनिटात वाचला: शेतसारा भरल्याची पावती. तारीख फसली सनाची, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाची. फसलीत 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतं. निजामाच्या फसलीचं वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, तेवढं ध्यानात ठेवा. 1948 चा सप्टेंबर म्हणजे फसली 1357.

उर्दू, मोडी वाचणारं माणूस आपल्याच तालुक्यात असतं. दूर हैदराबादला जायची गरज नाही. जाताना मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत न्या, लॅमिनेशन करू नका. मी एक केला, तो पिवळा पडला.

पलीकडच्या घरी जा

हे बहुतेक जण करत नाहीत. मीही केलं नसतं, पावतीमुळं झालं.

सरांच्या घरी त्यांच्या अम्मी बाजेवर बसल्या होत्या. आजीएवढ्याच. मी कशासाठी आले ते सरांनी मोठ्या आवाजात सांगितलं, कारण अम्मींना कमी ऐकू येतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अब्बा चुड्या बेचते थे बेटा. उन्हो कायके रजाकार." त्यांचे वडील मणेर, गावोगाव फिरून बांगड्या भरणारे. मिलिटरी आल्यानंतरच्या आठवड्यात फेरीला गेले ते आलेच नाहीत. बांगड्यांची पेटी मात्र कुणीतरी दारात आणून ठेवली.

शाळेच्या ग्राउंडावरच्या भाषणात हा आठवडा नसतो. भाषण 17 तारखेला संपतं. सरकारनं तेव्हा पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना संस्थानात पाठवलं होतं. त्यांच्या समितीनं कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढं आला नाही. रझाकारांनी आमच्या लोकांचं काय केलं ते खोटं ठरत नाही त्यानं. दादांच्या पाठीवरचे वळ आजीनं पाहिलेत. पण फक्त आपल्याच ओसरीवर बसून ऐकलंत तर अर्धं ऐकाल.

अशा घरी जाताना ओळखीच्या माणसाबरोबर जा. मोबाईल खिशातच ठेवा. मी अम्मींचं रेकॉर्डिंग केलं नाही, विचारलंही नाही. घरी येऊन आठवेल तेवढं लिहिलं. आणि नावं कुठंही टाकू नका. कुणाच्या आजोबांनी कुणाचं घर दाखवलं, कुणाची पेटी कुणी आणून ठेवली, हे सांगणारे सांगतात, विश्वासानं सांगतात. त्यांची नातवंडं तुमच्याच वर्गात असतात. आमच्या गावात अशी दोन नावं मला आता ठाऊक आहेत. ती वहीत नाहीत.

ती गप्प झाली तर

तुम्हीही गप्प व्हा. रेकॉर्डिंग तिच्या देखत बंद करा. चहा करा. मी एकदा "मग पुढं? मग पुढं?" करत राहिले तर आजी उठून गेली आणि पंधरा दिवस विषय निघू दिला नाही.

लिहून काढायला एका तासाच्या बोलण्याला माझे पाच-सहा तास जातात. मोबाईलच्या आवाजी टायपिंगवर विसंबू नका. आमचं 'रडलालती' त्याला 'रड लालटी' ऐकू येतं. तिची भाषा पुस्तकी करू नका, 'व्हतं'चं 'होतं' केलंत तर दादांचं मुंडासंही इस्त्रीचं वाटायला लागतं. फाईलला तारीख आणि विषय द्या: 'मीठ', 'ज्वारीत झोपणं', 'इमान'. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भावंडाकडं.

अम्मींकडून आल्यावर मी आजीला एवढंच सांगितलं की त्यांचे वडील मणेर होते. आजी वाती वळत होती, हात थांबला. म्हणाली, आमच्या माहेरी एक मणेरमामा यायचा. लेकरांच्या हातात मापाची बांगडी नसली की तुटकी काच घासून बोटात घालायला अंगठी करून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. मिलिटरी आल्यावर तो काही आला नाही. मी म्हणाले, मणेर गावोगाव होते आजी, तोच कशावरून. ती म्हणाली, "त्याच्या पेटीला पितळंची कडी व्हती. एका अंगाला वाकलेली. इचार त्या बाईला."

ही जानेवारीतली गोष्ट. दर आठ-पंधरा दिवसांनी ती मला विचारते, "इचारलंस का?" मी अजून गेले नाही. वहीत पुढच्या पानावर एवढंच लिहून ठेवलंय: पेटी, कडी, कुठल्या अंगाला.